मे महिन्यातले रीडिंग

मीटर पिशवीतून काढण्याआधी बाबलकाका अर्थिंगच्या खड्ड्यातली माती चिमटीत घेऊन चोळत. वायरमन म्हणून त्यांनी चाळीस वर्षे मालवण ते धामापूर घरे जोडली, पण अर्थिंग मोजायला यायचे ते फक्त मे महिन्यात. पुढे कोणी बोलावले तर म्हणत, "पावसात सगळ्यांचाच रीडिंग बरा येता. जांभ्याची माती सुकली काय मगे बोलव."

एका वादळात आमच्याकडे आठवडाभर वीज नव्हती, म्हणून विहिरीच्या पंपासाठी मी जनरेटर घेतला. बसवणाऱ्याने त्याला अर्थिंगची वेगळी सळई पुरून दिली. पंप रोज माझी पत्नी लावते. तांब्याने त्यात पाणी भरायचे, ओल्या हातानेच झाकण आवळायचे, मग बटण. सगळे सुरक्षित आहे हे मला आकड्यात हवे होते. काकांना बोलावले, आणि आकडा चांगला यावा म्हणून सकाळीच घराच्या खड्ड्यात पाणी ओतले. आमच्या भागात सगळेच ओततात.

काकांनी माती चोळली. "किती वतलंस?"

"दोन बादल्या."

"परीक्षा तुझी नाय रे, मातयेची आसा." पिशवी पुन्हा खांद्याला. "आठ दिवसांनी येतंय. तवसर जनरेटरार पंप लावू नको."

"लाइट गेली तर पाणी कोण काढतलो?" पत्नीने विचारले.

"ज्येणा दोन बादल्ये वतल्यान, तो."

त्या आठ दिवसांत वीज तीनदा गेली. रहाट मीच ओढला.

कोरड्या मातीत घराचा खड्डा तीस ओहम निघाला, जनरेटरची सळई सोळा. दोन्हींच्या मध्ये नुसती जमीन.

"तू हिशेबी मां? पंपात वायर उघडी पडली तर करंट या दोनांतसून परतीक जातलो. घाल भागाकार."

दोनशे तीस भागिले शेहेचाळीस. "पाच अँपिअर."

"आणि तुझो एमसीबी किती अँपिअरार पडता?"

"सोळाला."

"म्हणजे तो गप बसतलो, आणि पंपाचा लोखंड जिवंत रवतला. थंय हात कोणाचो लागता?"

 

काकांनी तांब्याच्या पट्टीने दोन्ही अर्थिंग एकत्र बांधले, त्याच पट्टीला पॅनेलचा पत्रा आणि पंपाची बॉडी जोडली, आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. जनरेटर चालू ठेवून तो तीनदा पाडून दाखवला. मी दोनदाच पुरे म्हणालो होतो.

बाबलकाका गेल्या वर्षी वारले. यंदा श्रावणात वीज गेलेली असताना पत्नीने पंप लावला आणि आरसीसीबी पडला. मी पंप उघडून मीटर लावला, तर आतल्या तारांचे वाइंडिंग पंपाच्या लोखंडाला टेकले होते.

पत्नी ओले हात पदराला पुसत शेजारी येऊन उभी राहिली. तिची तक्रार एवढीच, की टाकी अर्धीच भरली.