चाचींच्या खोलीत गेलेली तार

वडील मुंबईला एका बेकरीत भट्टीवर होते. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आणि त्यांचा फोन यायचा खालच्या गावातल्या दुकानात. दुकानदार निरोप धाडायचा. आई हातातलं काम टाकून उतार धावत जायची, आणि बऱ्याचदा ती पोचेपर्यंत तिकडून फोन ठेवलेला असायचा. मग ती दुकानाच्या पायरीवर बसून राहायची, पुन्हा वाजेल म्हणून.

त्याच घरातून रोज एसटीने महाडला जाऊन मी बी.कॉम. झाले. घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. हे मी अजून कुणालाही ताठ मानेने सांगते.

पहिली नोकरी महाडच्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. बिरवाडीकडच्या कारखान्यांचा माल आमच्या ट्रकांतून जायचा. त्याच्या पावत्या स्कॅन करून रोज दुपारी मुंबईच्या ऑफिसला पाठवायच्या, हे माझं काम. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेवर, मोडेम लावून चालायचं. दहा-बारा मिनिटांत जाणाऱ्या फाईलला तास लागायचा. शुक्रवारी तर ती अर्ध्यातच तुटायची. शेवटी मुंबईने कळवलं, आठवड्यात सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. काम गेलं की माझी खुर्चीही गेली.

शेठ म्हणाले, "मोडेमच्या खोक्यावर वेग छप्पन लिवलाय एवढा मोठा. आपला भरलेला ट्रक कशेडीचा घाट चढताना ह्याच्याहून जोरात जातो गो!"

"शेठ, छप्पन फाईल येताना. पाठवताना तेहेतीसच."

"मग तेहेतीस तरी दाव!"

मोडेम कॉम्प्युटरला जिथे जोडतात त्या पोर्टचा वेग मी वाढवला. मोडेमची लांबलचक वायर काढून आखूड लावली. पावत्या रंगीत न घेता काळ्या-पांढऱ्या स्कॅन केल्या. थोडा फरक पडला, पण तुटणं थांबेना. म्हणून शुक्रवारी फाईल पुन्हा तुटली तेव्हा उठले आणि फोनची तार हाताने चाचपत भिंतीकडेने निघाले. कपाटामागे तारेला एक फाटा फुटला होता. जोडाला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि फाटा भिंतीच्या भोकातून मागच्या खोलीत गेलेला. रोजचा वेग हा फाटाच खात होता.

मागे शेठच्या चाची राहायच्या. गुडघे गेलेले, ऑफिसपर्यंत येणंही जमत नसे. मुलगा आखातात, दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन. मी गेले तर फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ये गो. तीन शुक्रवार झाले, पोराचा फोन नाय. घडीघडीला उचलून बघते, चालू हाय का. तर आत मांजरं भांडतात."

ती मांजरं म्हणजे माझ्या मोडेमचा किरकिराट. माझी फाईल तासभर लाईन अडवून बसायची, म्हणून त्यांच्या मुलाला फोन एंगेज लागायचा. फोन येत नाही म्हणून चाची उचलून बघायच्या, की इकडे माझी फाईल तुटायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून लावायची.

शेठना सांगितलं, हा फाटा कापावा लागेल. "चाचीची तार कापू? ती मला कापील! तूच सांग जा."

मी सांगितलं. चाचींनी मांडीवरचा फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काप. पोर पत्र लिवील. तुजी नोकरी जायला नको."

कातर हातात होती, पण चालवेना. मला दुकानाच्या पायरीवर बसलेली आई दिसत होती.

बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून फोनच्या वायरीतल्या दोन्ही तारा एकदम तोडणारं बटण आणलं आणि त्या फाट्यावर, माझ्या टेबलाशी बसवलं. खाली केलं की चाचींचा फोन लाईनवरून सुटा, वर केलं की पुन्हा जोडलेला. शुक्रवारची फाईल नमाजाआधी पाठवायची असं चाचींना कबूल केलं.

पुढच्या शुक्रवारी फाईल अकरा मिनिटांत गेली, एकदाही न तुटता. मी बटण वर केलं. दुपारी दोन्हीकडे घंटी वाजली. मी ऑफिसातला फोन उचलला नाही. भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, "बोल रे."

मुंबईचं काम आमच्याकडेच राहिलं, आणि त्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली.