आर्पी आंटींची पाढ्यांच्या चालीतली कविता

आर्पी आंटी गेल्या तेव्हा त्यांची शेवटची कविता जगात फक्त मला पाठ होती.

आणि मला तिचा अर्थ माहीत नव्हता.

आज वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

सिंगापुरातल्या आमच्या मरीन परेडला तेव्हा एमआरटी, म्हणजे मेट्रो, नव्हती. खोदकाम चालू होतं, तोवर बस. आमच्या कॉंडोसमोरच्या बसस्टॉपवर ही गोरी, ठेंगणी बाई रोज संध्याकाळी बसलेली असायची. एकही बस पकडायची नाही. स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, ब्लूटूथ असेल.

एकदा विचारलंच.

"कविता करतेय," म्हणाल्या. "डोळे अधू झालेत, अक्षर दिसत नाही. म्हणून घोकते."

आर्मेनियन भाषेतल्या कवयित्री. जन्म बैरूतचा. तिथल्या शाळेत शिकवायच्या. विशीत पहिला संग्रह आला, मग आणखी काही. लोक लग्नाबिग्नात त्यांच्या ओळी म्हणायचे म्हणे. मग युद्ध झालं, माणसं पांगली, कविता छापणारं मासिक बंद पडलं. नवरा गेल्यावर त्या सिंगापूरला मुलाकडे आल्या, राफीकडे.

इथे त्यांच्या भाषेत बोलायला एक राफीच. आणि तो बोलायचा इंग्रजीत.

वाईट नाही हं तो. औषधं, डॉक्टर, सगळं मनापासून बघायचा. फक्त एकदा बोलून गेला होता, "ममा, आता हे वाचणार कोण?"

त्यानंतर आंटींनी त्याला कविता ऐकवली नाही.

"तो खोटं बोलला नाही," म्हणायच्या. "त्याचाच तर राग येतो."

एक दिवस मला म्हणाल्या, "ही माझी शेवटची. तू पाठ कर."

"आंटी, मला तुमची भाषा येत नाही. फोनवर रेकॉर्ड करू या ना."

"फोनला कोणी 'म्हणून दाखव' म्हणत नाही. तुला म्हणतील."

आता आपण पडलो पुण्याच्या शाळेतले. अर्थ कळो न कळो, घोकंपट्टी येते. ऑफिसहून येताना बसमधून उतरले की त्या एक ओळ सांगायच्या, मी मागून म्हणायचे. पण पाठ व्हायला मला चाल लागते, आणि येते ती एकच.

बे एके बे, बे दुणे चार.

पहिल्यांदा सबंध म्हणून दाखवली तेव्हा हसता हसता आंटींना ठसका लागला.

"होकीस, ही कसली चाल?" होकीस म्हणजे माझा जीव. मला त्या तशीच हाक मारायच्या.

"पाढ्यांची. बदलते मी."

"नको. अशीच विसरणार नाहीस."

अर्थ विचारला तर सांगितला नाही. थोड्याच दिवसांत गेल्या.

दफन करून आल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, ही त्यांची पद्धत. राफीच्या घरी शेजारी होते, त्याच्या ऑफिसचे लोक होते. समोरच्या फ्लॅटमधले अंकल इथल्या इंग्रजीत म्हणाले, "ऑल्वेज स्माइल वन, धिस आंटी." मग माझी पाळी आली.

मी उभी राहिले आणि कविता म्हटली. पाढ्यांच्या चालीत. दुसरी येतच नव्हती.

दोघंतिघं गालात हसले. राफीही हसला.

मग त्याचं हसू थांबलं.

"पुन्हा म्हण," म्हणाला.

पुन्हा म्हटली. तो ताटाकडे बघत ऐकत होता.

"राफी, काय आहे रे यात?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग अडखळत इंग्रजीत सांगितलं.

"तू पहिल्यांदा पाणी मागितलंस,
त्या शब्दापाशी मी अजून ग्लास घेऊन उभी आहे.
सावकाश ये.
पाणी गार आहे."

"पाणी हा माझा पहिला शब्द होता, तिच्या भाषेतला," राफी म्हणाला.

मला रडू फुटलं. इतके दिवस मी हे बे एके बे करत घोकत होते.

काल राफी त्याच बसस्टॉपवर भेटला. कविता त्याला आता पाठ झालीय. म्हणून दाखवली, पाढ्यांच्याच चालीत.

"साधी म्हणून बघितली," म्हणाला. "मध्येच विसरतो."

आर्पी आंटी, आता ती दोघांना येते.

ग्लास खाली ठेवा. स्वस्थ झोपा.