उडत चाललेला नारिंगी

देवानं आधी जग काळं-पांढरं केलं आणि मग आमच्या मामांना बोलावून त्यावर एकेक रंग चढवून घेतला, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. हे माझ्या बायकोचे मामा. कोल्हापुरात त्यांचा स्क्रीन प्रिंटिंगचा लहानसा कारखाना होता. लग्नपत्रिका, डेअरीचे स्टिकर, कापडी पिशव्या असं काहीबाही तिथं छापलं जाई. पण मामांना अख्खं जगच एकावर एक चढवलेल्या रंगांचं दिसे. लग्नाला गेले की अक्षता टाकायचं विसरून पत्रिकेवरून अंगठा फिरवत बसत. आमटीकडं बघून मामींना म्हणत, "पिवळा आधी वाळू द्यायचा हुता." संध्याकाळी रंकाळ्यावर उन्हं पाण्यात उतरू लागली की माझा हात धरून हळूच सांगत, "जावईबापू, बोलू नका. शेवटचा हात मारत्यात."

नव्वदच्या दशकात पुण्याहून एक चित्रकार बाई त्यांच्याकडं आल्या. आपल्या चित्राच्या वीस प्रती त्यांना मामांच्या हातून छापून हव्या होत्या. चित्रात ना माणूस, ना झाड. नुसते निळे-नारिंगी पट्टे, एकमेकांत विरघळत गेलेले.

"बाई, ह्यात हाय तरी काय?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला काय दिसतं?"

"काय न्हाय. पर नजर हलंना झालीया."

सात रंग, दर रंगाला छापायची एक अशा सात जाळ्या, महिनाभर काम. नमुन्याची पहिली प्रत बघून बाईंनी नारिंगीच्या जागी विटकरी घेतला. मग वीस प्रती निघाल्या, प्रत्येकीखाली बाईंनी पेन्सिलीनं क्रमांक घालून सही केली आणि म्हणाल्या, "आता जाळ्या धुऊन टाका. एकविसावी निघायला नको." ज्यांची पोरं शाळेत जायला लागली त्यांच्याही पत्रिकेच्या जाळ्या जपून ठेवणारे मामा! त्यांनी त्या सातही जाळ्या स्वतःच्या हातानं धुतल्या आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. बाईंनी ती नारिंगी पहिली प्रत त्यांनाच दिली. मामांनी ती खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली.

दहाएक वर्षांनी मुंबईचे एक संग्राहक पत्ता शोधत आले. भिंग लावून त्यांनी कागद निरखला. "विसातल्या बऱ्याच हरवल्या. बाई राहिल्या नाहीत, जाळ्याही नाहीत. आणि हा नारिंगी तर जगात या एकाच कागदावर आहे. मला द्या, जिवापाड सांभाळीन."

"लावणार कुठं पावणं?"

"लावणार नाही. उजेडानं रंग उडतोय, बघा ना. अंधाऱ्या कपाटात, मऊ कागदात ठेवीन. शंभर वर्षं टिकेल."

"आन बघणार कोण?"

पाहुण्यांनी भिंग खिशात घातलं. मामांनी त्यांना चहा पाजला, कोपऱ्यापर्यंत सोडून आले आणि खुर्चीत बसले.

"जावईबापू, चुकलं का वो माझं? त्यांच्याकडं टिकलं असतं की."

मामा उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली. अंधारात थोडा वेळ उभे राहिले. मग पुन्हा सताड उघडली.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. नारिंगी जवळजवळ उडालाय. ठाऊक असेल त्यालाच दिसतो. कोल्हापूरला गेलो की मी त्या भिंतीसमोर बसतो. मामी चहा ठेवतात, पदर सावरून शेजारी टेकतात. दोघंही त्या कागदाकडं बघत राहतो.

"हाय की अजून थोडा," मामी म्हणतात.