वाऱ्याच्या तोंडची जागा

आळेफाट्यावरचं पंक्चरचं दुकान मी हातोडी आणि तोंड या दोनच हत्यारांवर उभं केलं. हातोडीपेक्षा तोंड जास्त चाललं. जुना टेम्पो घ्यायचा असो की बेल्ह्याच्या बाजारात बैल, घ्यायच्या वस्तूला नावं ठेवायची आणि द्यायच्या वस्तूचं गुणगान करायचं, एवढंच मला येतं. तेवढ्यावर दोन मजली घर झालं. त्यामुळे एका सत्तरीच्या म्हाताऱ्याने मला पाण्यावर फसवलं, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. उलट ते हसतात, आणि म्हाताऱ्याची बाजू घेतात.

ओतूरच्या पुढे, माळशेजच्या अलीकडे जे धरण आहे, त्याच्या पाण्याखाली माझ्या वडिलांचं शेत आहे. त्या हक्कावर मी तिथल्या मच्छीमार मंडळींत नाव लावलं. दुकान मुलाच्या हाती गेल्यावर पत्र्याची एक लहान होडी घेतली आणि आठवड्यातून तीन-चार दिवस मोटारसायकलवर डबा बांधून धरणावर जाऊ लागलो. तिथे जाळी लावायच्या जागा दिवाळीनंतर चिठ्ठ्या टाकून ठरतात. तांब्यात चिठ्ठ्या घालतात, कुणाची तरी लहान मुलगी त्या काढते, आणि निघालेली जागा वर्षभर तुमची. माझी चिठ्ठी उघडली तेव्हा सगळे एकदम हसले.

"पावण्यांना वाऱ्याच्या तोंडची लागली!"

पूर्वेकडच्या काठाला एक उघडी बाजू आहे. उन्हाळ्यात कोकणातला वारा घाटातून वर चढतो आणि अख्खं धरण ओलांडून तिथे येऊन आदळतो. सकाळी पाणी साय धरलेल्या दुधासारखं असतं. अकराच्या सुमारास पश्चिमेकडे एक काळी रेघ दिसते, आणि ती रेघ तुमच्यापर्यंत पोचली की तुम्ही मच्छीमार राहत नाही, वाहून जाणारं सामान बनता.

पहिल्या दिवशी मी मागे बसलो, मोटारसायकलवर बसतात तसा, हँडल पुढे आणि आपण मागे. माझ्या वजनाने होडीचं नाक वर उचललं, वाऱ्याने ते नाक धरलं आणि मला गोल फिरवलं. काठावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो.

"पावणं, पुढं दगूड ठेवा! नाक दाबा तिचं!"

"मला कळतं!" मी ओरडलो, आणि पाठमोरा ओरडलो, कारण तोवर होडी पुन्हा फिरली होती.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पुढे दगड ठेवला. नाक बसलं. मग मी जाळं ओढायला घेतलं, तर होडी जाळ्यावरूनच सरकायला लागली आणि दोरी पोटाखाली गुंडाळली.

"वाऱ्याकडच्या टोकापासून कशाला धरलं?" काठावरून आवाज आला. "खालच्या टोकापासून धरा आनि वाऱ्याकडं जा. जाळंच तुमाला धरून ठेवंल. असं जाळ्यावर बसून जाळं ओढतंय का कुनी?"

एका दुपारी माझा पारा इतका चढला की मी वल्हं उचलून वाऱ्यावर फेकलं. म्हणजे अक्षरशः वाऱ्याला मारलं. वाऱ्याने ते माझ्या आधी काठावर पोचवलं, आणि मी मागून डब्याच्या झाकणाने पाणी मारत आलो. बाबांनी वल्हं पुसून ठेवलं होतं.

"ह्यो घ्या तुमचा दागिना," ते म्हणाले. "वारा काय ऐकत न्हाई, नाय का?"

पण मी शिकलो. एक युक्ती तर माझी स्वतःची. दुकानातला एक गुळगुळीत झालेला टायर नेला, दोरीने होडीच्या नाकाला बांधला आणि पाण्यात सोडला. टायर पाण्यात जड होऊन ओढत राहतो, त्यामुळे नाक आपोआप वाऱ्याकडे राहतं आणि होडी मुंगीच्या पावलाने मागे सरते. दोन्ही हात मोकळे. बाबांनीसुद्धा मान डोलावली. तरी माझं जाळं बरेचदा रिकामंच यायचं, कारण ते लाटांनी गुंडाळलेलं असायचं. आणि समोर, टेकडीच्या आडोशाला, एक खोबण होती जिथे वाऱ्याची झुळूकही येत नाही. ती खोबण बाबांच्या वाट्याला आली होती. आंब्याच्या सावलीत, पाय पसरून, विडी ओढत जाळं लावायचं. माझ्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं.

चैत्रात एके दिवशी मी जिलबीचा पुडा घेऊन बाबांकडे गेलो. सदस्यांनी आपसात जागा बदललेली मंडळींत चालते. मी तेच ठरवून गेलो होतो.

"बाबा, तुमची जागा बरी आहे, पण चिखल फार. आणि पाणी कसं, निपचित. आजारी माणसासारखं."

"व्हय का?"

"माझ्याकडे बघा. पाणी कसं खेळतं असतं! आणि मासा! अहो, माझ्याकडे मासा नुसता उड्या मारतो."

"तुमच्याकडं?" बाबांनी जाळ्यावरची नजर काढली. "मला वाटलं रिकामं येता."

"रिकामं येतो कारण माझी होडी लहान. एवढा मासा मावणार कुठे? एकदा तर कटला असा होता," मी हात पसरले, "जाळं फाडून गेला."

हे सगळं धादांत खोटं होतं. बैल विकताना मी त्याच्या चौथ्या वर्षाचं दुसरं करतो, तसं.

"लई मासा म्हंता?"

"लई."

"मग तुमी का सोडताय?"

मी थोडा विचार केला. "माझी कंबर दुखते."

बाबांनी हातातली गाठ घट्ट ओढली. मग म्हणाले, "माझ्या वयाला वारा झेपायचा न्हाय. पन तुमी एवढं म्हंताय तर... वर त्यो टायर द्या."

टायर देताना मी जरा कचरल्यासारखं केलं, आतून मात्र गुदगुल्या होत होत्या. बेल्ह्याच्या रिवाजाने आम्ही हातावर रुमाल टाकला आणि हात दाबला. रुमाल झटकला की सौदा मोडत नाही. मी घरी जाताना आळेफाट्यावर भेळ खाल्ली, तीसुद्धा दोन प्लेट.

पहिले आठ दिवस मी खोबणीत राजासारखा बसलो. वारा नाही, लाट नाही, जाळं कपड्याच्या दुकानातल्या पडद्यासारखं सरळ. आणि त्या सरळ जाळ्यात बोटाएवढ्या चिलाप्या. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याही नाहीत. एकदा नुसती चप्पल. डावी.

पलीकडे बाबा वाऱ्यात उभे. म्हणजे बसलेले, नाक वाऱ्याकडे, पुढे दगड, माझा टायर पाण्यात. आणि कटला असे काढत होते, जसे आपण उन्हाळ्यात विहिरीतून पोहरे काढतो.

पंधराव्या दिवशी मी तरातरा त्यांच्याकडे गेलो.

"बाबा, हे काय आहे?"

"काय?"

"इकडे मासा कसा?"

"वारा वरचं समदं खानं लोटीत ह्या काठाला आनतो," बाबा म्हणाले. "किडं, शेवाळ, समदं. मासा त्याच्या मागं येतो. ल्हानपनापासून बघतोय."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमीच मला सांगितलं की," ते म्हणाले. "लई मासा हाय म्हनून. उड्या मारतोय म्हनून. मी म्हनलं, ह्या पावण्याला कळतं बघा, आन आपल्याला इचारतोय."

माझी सगळी आयुष्यभराची विद्या माझ्याच अंगावर आली. पहिल्यांदाच खोटं म्हणून जे बोललो ते शंभर टक्के खरं निघालं, आणि त्यावर दावा करायला जागाच उरली नाही.

"जागा परत द्या."

"रुमाल झटकला ना?"

"टायर तरी परत द्या."

"त्यो तर लई कामाचा हाय."

मी तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धा तास बोललो. बाबा शांतपणे गाठी मारत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "खांदा दुखतोय माझा. टायर हाय तरी जाळं ओढताना वारा लई झोडपतोय. वल्ह्याला येता का?"

मला माझी जागा परत हवी होती. त्यांच्या होडीत बसणं हाच तिच्यावर जायचा एकमेव मार्ग होता, म्हणून मी बसलो. वारा सुटलेलाच होता. मी नाक धरून ठेवलं, बाबांनी खालच्या टोकापासून जाळं उचललं. पहिला कटला आत आला, थाळ्याएवढा, आणि माझ्या डोक्यात भाव सुरू झाला.

"अर्धा हिस्सा माझा," मी म्हणालो.

"चौथाई."

"चौथाई?" भाव करताना समोरच्याचा चेहरा बघायलाच लागतो. मी मागे वळलो. वल्हं थांबलं, होडी आडवी झाली, आणि एक लाट सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली.

"नाक! आधी नाक धरा!"

"आधी अर्धा म्हणा!"

"बुडाल राव!"

"तुम्हीसुद्धा बुडाल!"

दुसरी लाट आली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, कटला त्यात पुन्हा पोहायला लागला आणि पळून जायची संधी शोधू लागला. ते मला सहन झालं नाही. मी वल्हं मारून नाक वाऱ्याला लावलं. बाबा डब्याने पाणी उपसत म्हणाले, "तिसरा हिस्सा. आनि वाऱ्यात भांडायचं न्हाय."

"तिसरा चालेल," मी म्हणालो. "दुसरी अट नाही."

काठावर आल्यावर बाबांनी तीन वाटे घातले आणि मला म्हणाले, "तुमी उचला आधी." मी मोठा कटला असलेला उचलला. ते नुसते हसले, आणि ते हसणं मला अजूनही आवडत नाही.

"उद्या किती वाजता येऊ?" मी विचारलं. "सहाला?"

"सहाला कशाला? वारा सुटल्यावर या."

हल्ली अकराच्या सुमारास बाकीचे सगळे जाळी गुंडाळून परतत असतात, आणि मी काठावरून पाण्यात उतरतो, दुसऱ्याच्या होडीत, माझ्याच जागेवर जायला. मंडळींना हा न्याय वाटतो.