आंबट, पण इमानदार

पेला हातात आला की आमचे हे शेजारी आधी त्यात बोट बुडवायचे आणि थेंब गच्चीच्या भिंतीवर उडवायचे. "वरच्याईचा हिस्सा," म्हणायचे. वडील आणि बाजारातले जुने भागीदार, दोघंही वर गेलेले. मग पहिला घोट. पिणाऱ्यांची ही रीत तुम्हीही पाहिली असेल. पण पांढऱ्या चुन्यावर तांबडे डाग पाहावेत ते त्यांच्याच गच्चीवर.

कळमन्याच्या बाजारात त्यांनी जन्मभर संत्र्याची अडत केली. म्हातारपणी व्हिस्की सोसेना, म्हणून मी त्यांना स्वस्तातली रेड वाइन आणून दिली. दोन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण आहे, असं लेबलवरचं वाचून दाखवलं, तर ते उखडलेच.

"मिसळेल माल? वर मोठी संत्री, खाली बारकी, तसलं काम हाये का गा हे?"

मग डोळे मिटून घोट तोंडात घोळवला आणि सवयीनं कुंडीत थुंकले. दिवसभर फोडी चाखणारा माणूस गिळत बसला तर धंदा कधी करणार!

"आंबट हाये, पण इमानदार हाये," निकाल लागला. "मिसळलं, तं वर लिहून मिसळलं."

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आम्ही स्टीलच्या पेल्यांतून तीच वाइन पिऊ लागलो. त्यांचा हट्ट मात्र वेगळाच होता. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा तरी ती चाखावी. दर हंगामातली पहिली फोड त्यांनी वहिनींनाच दिली होती, आणि वहिनींनी मान हलवल्याशिवाय कधी भाव बोलले नव्हते.

"एक घोट घे वं. इमानदार हाये का नाही, तेवढंच सांग."

"दारू ते दारू."

"अवं, द्राक्षाचा रस हाये."

"मंग द्राक्षंच आणा."

मी हसायचो. ते हसत नसत. पेला थोडा वेळ तसाच पुढे धरून ठेवायचे, मग स्वतःच संपवायचे.

हिवाळ्यात ते झोपेतच गेले. घरच्यांनी गच्चीला नवा चुना दिला.

पुढे एका शनिवारी वहिनींनी मला वर बोलावलं. शेजाऱ्यांसाठी मी आणलेली शेवटची बाटली समोर होती. "खोलून द्या भाऊ, मले जमत नाही."

मी उघडून दिली. वहिनींनी पेल्यात बोट बुडवलं आणि थेंब कोऱ्या भिंतीवर उडवले. मग त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट हाये," त्या म्हणाल्या. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"पण हाये जी. इमानदार हाये."