बाळाबाईची माहेरवाशिणींची वही

थू! सकाळी सकाळी थुंकू नये म्हणत्यात, पर त्या बोर्डाकडं बघितलं की तोंडात थुंकीच येते. 'आई सुखी, बाळ सुखी. आमच्या गावात माता-बालमृत्यू शून्य.' खाली बेंगळूरच्या संस्थेचं नाव, बाजूला हसणारं गोरंपान बाळ. ते बाळ आमच्या गावचं न्हाय, फोटो कुठनं तरी आणलाय. बोर्डासमोर पांढरी गाडी उभी, आन् तिचा ड्रायव्हर मी, नागोजी. म्हंजे थुंकी उडायची तर आधी माझ्याच अंगावर उडाया पायजे.

पर मला सांगायचंय ते आमच्या बाळाबाईचं. बाळाबाई आमच्या गावची आशा. निपाणीपासनं चौदा किलोमीटर आत आमचं गाव. पोरवयापासनं मांडीवर सूप घिऊन विड्या वळल्या तिनं. पहिल्या बाळंतपणाला रीतीपरमाणं आईकडं आली, आन् घरातच अडली. कळा चालू झाल्यावर निपाणीला न्यायला गाव पालथं घातलं, गाडी मिळाली न्हाय. पोरगी गेली. परत कूस उजवली न्हाय. आशाचं काम निघालं तवा बाईनं सूप उभं केलं आन् खांद्याला पिशवी लावली. पन्नाशी उलटली, अजून तीच पिशवी.

तिची कामाची तऱ्हाच न्यारी. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलीया हे बघायला ती ओटीभरणाला न बोलवता जाते. "बोलावणं कशाला पायजे गं? मी काय जेवाया आलीया व्हय?" असं म्हणायचं, आन् दोन पोळ्या हाणायच्या पण. बायका गाणी म्हणत असतानाच ही पोरीच्या पायावर अंगठा दाबून सूज बघणार, डोळ्याची खालची पापणी ओढून रगात बघणार. घरी आली की वहीत नाव. वर लिवलेलं, 'माहेरवाशिणी'. सरकारनं असली वही मागितलेली न्हाय. ही तिची सोताची.

तीन वर्सांमागं ग्रँट आली. आईबाळाच्या आरोग्यासाठी लई मोठी ग्रँट, असं बेळगावहून आलेल्या स्वरूप सरांनी सांगितलं. एक खोली बांधली, एक खाट आली, एक गाडी आली, आन् गाडीवर मी. सरांनी घरोघर फिरून गरोदर बायांची यादी केली. म्हंजे गावच्या सुनांची. तायी कार्ड, म्हंजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते कार्ड, ज्या सुनेकडं हाय तिचंच नाव.

आता सांगा, पहिलटकरीण कुठं बाळंत होते? आईकडं! सातवा लागला की आमच्या सुना चालल्या आपापल्या माहेरी. आन् आमच्या लेकी, कागल-गडहिंग्लजला दिलेल्या, त्या येणार हिकडं. यादीतल्या पोरी गावात न्हाईत, आन् गावातल्या पोरी यादीत न्हाईत. एवढं सुपातल्या बाईला कळतं, लॅपटॉपवाल्याला कळंना.

बाळाबाईनं वही नेऊन सरांच्या टेबलावर आपटली.

"आक्का, ह्या महाराष्ट्रातल्या. आपल्या टार्गेटमध्ये बसत नाहीत," सर म्हणाले.

"बसत न्हाईत तर जातील कुठं? भरलं पोट घिऊन इथंच दारात बसल्यात की!"

"वर कळवतो."

तीनदा अर्ज दिला तिनं. तिन्ही वेळा सरांचं आपलं कानडीत "आय्तु, आय्तु," म्हंजे झालं, झालं. गाडी खोलीसमोर ऊन खात उभी. मी काय करायचो? सरांना निपाणी स्टँडवरनं आणायचो, पाव्हणं असलं की हार-बिस्किटं आणायचो. पगार घेताना लाज वाटायची म्हणू? वाटत नव्हती. खरं सांगायचं तर बरं चाललंतं माझं.

पद्मावतीआक्कांची त्रिशला गेल्या श्रावणात आली. जैनाची पोर, एकुलती, कागलच्या बाजूला दिलेली. ओटीभरणातच बाळाबाईनं पायाची सूज हेरली. दुसऱ्या दिवशी मशीन लावून बीपी बघितलं आन् पद्मावतीआक्कांना धरून बसवलं. "हिला निपाणीच्या डॉक्टराकडं न्या. आजच." आक्का म्हणाल्या, व्रत चाललंय, सुटलं की नेऊ. बाळाबाई रोज सकाळी जाऊन बीपी बघायची आन् रोज त्यांच्याशी भांडायची.

व्रत सुटायच्या आत ग्रँट देणारे बघायला यायचा दिस उजाडला. सकाळपासनं सर नुसते नाचत होते. गाडी धुतली, बॉनेटवर झेंडूची माळ, दाराला लाल फीत. मोठ्या मॅडम फीत कापणार आन् गाडीसंगं फोटो. गाडीला दोन वर्सं झालती, पर फीत नवी.

सव्वादहाला बाळाबाई पळत आली. पदराचं भान न्हाय. "नागोजी, गाडी काढ. त्रिशलाच्या डोळ्यापुढं अंधारी आलीया, डोसकं फुटतंय म्हणतीया. झटका यील तिला."

मी सरांना फोन लावला. ते पाव्हण्यांना आणाया हायवेला गेलते.

"यादीत आहे?"

"न्हाय सर. गावची लेक हाय."

"मग कसं जमेल? संकेश्वर सोडलंय त्यांनी. वीस मिनिटं थांब. गाडी जागेवर नसली तर काय दाखवू मी?"

बाळाबाईनं हात पुढं केला. "चावी दे रं." चावी खिशात होती. मी खिशावर हात ठेवला. "वीसच मिनिटं, आक्का." असं बोललो मी. ह्याच तोंडानं. किळस येते मला माझी.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आन् पळत सुटली. सरकारी गाडी दुसऱ्या बाईला घिऊन लांब गेलती. शेवटी तंबाखूची बोदं, म्हंजे मोठाली पोती, भरलेली पिकअप अडवली तिनं. त्या बोदांवर चादर टाकून त्रिशलाला नेलं. वाटेत झटका आला. आन् हिकडं मॅडम पावणेअकराला आल्या. फीत कापली, टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या.

त्रिशला वाचली. पोरगा गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायचं.

मयत बाळ सासरच्या गावच्या कागदावर गेलं. म्हंजे आमच्याकडं शून्य. त्या शून्यावर दुसरी ग्रँट आली, आन् त्यातनं हा बोर्ड.

बोर्ड लागला त्या दिवशी मी बाळाबाईच्या घरी गेलो. "आक्का, चुकलं माझं," म्हणालो. रडलो बी. तिनं पाणी दिलं न्हाय, बस म्हणाली न्हाय. वही पुढं टाकली. "वाच."

पहिल्याच पानावर पहिलं नाव तिचं सोताचं. 'बाळाबाई. पहिलटकरीण. मुलगी. वारली. गाडी नव्हती.'

मग पानंच्या पानं पोरींची. शेवटाकडं, 'त्रिशला. पहिलटकरीण. मुलगा. वारला. गाडी होती. ड्रायव्हर नागोजी.'

मी चावी काढून वहीवर ठेवली. तिनं ती बाजूला सारली.

"मला चालवता येती व्हय? ठेव तुझ्याकडंच," ती म्हणाली. "भावकूची लेक सौम्या काल आलीया, आठवा लागलाय तिला. हाक मारली की ये. आन् त्या वक्ताला कुणाला फोन करू नको."