बाईंची मोहरी

"बसायला येळ न्हाई, साहेब. आकडा सांगा." प्रयोगशाळेत आल्या की बाई खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभ्या राहत. लातूरला माती तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. लोक नमुना देऊन घरी जातात. बाई अहवाल मिळेपर्यंत दारापासून नळापर्यंत फेऱ्या घालत.

निलंग्याकडच्या एका गावच्या त्या निवृत्त अंगणवाडीताई. त्यांच्या वीस गुंठे रानाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. शेड बंद पडली, मालक निघून गेला, शिसं मातीत राहिलं. पहिला अहवाल वाचून दाखवला, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्याच रानातली भाजी मी लेकरांच्या खिचडीत घालत होते."

मी त्यांना उपाय सांगितला. कंपोस्ट घातलं की बरंचसं शिसं मातीत बांधलं जातं. मोहरी, सूर्यफूल थोडं ओढून घेतात, त्यातलं बरंचसं मुळांतच राहतं. पण ते पीक कुणाच्या तोंडी जाता कामा नये.

"किती वर्सं लागतील?"

"दहाही लागतील."

"मग आजच कामाला लागते."

त्यांनी गावभर हिंडून शेण, पाचट, पालापाचोळा जमवला. अर्ध्या रानात कंपोस्ट घातलं, अर्ध्यात आलटूनपालटून मोहरी आणि सूर्यफूल पेरलं.

एकदा शेजारणीनं मोहरीचा पाला खुडून नेला. बाईंना कळलं तेव्हा भाजी चुलीवर रटरटत होती. त्यांनी आत शिरून कढईच उचलली.

"पाल्यासाठी जीव चालला का तुमचा?" शेजारीण भडकली.

"माझा न्हाई गं, तुझ्या लेकरांचा." मग घरचं वरण आणून त्यांनीच सगळ्यांना वाढलं.

सूर्यफूल फुललं होतं तेव्हा मी रानात गेलो. बाई भर फुलातली डोकी विळ्यानं छाटत होत्या. "दाणा भरायच्या आत काढायला पायजे. माणसाला सांगता येतं, पाखराला कसं सांगू?"

अंगणवाडीतली मुलं आता मोठी झाली होती. बाई प्रत्येकाला गाठून विचारत, पोट दुखतं का, ध्यानात राहतं का. एक मुलगी दहावीला गणितात नापास झाली, तर बाई तिला रक्त तपासायला नांदेडला घेऊन गेल्या. रक्तात काही निघालं नाही. "बाई, मी अभ्यासच केला नव्हता," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. बाई मात्र मला सांगताना हसल्या नाहीत. "बाकीची लई हायत, साहेब."

आकडा दरवर्षी थोडा खाली येत होता. गेल्या हिवाळ्यात नमुनाच आला नाही. फोन सुनेनं उचलला.

"आत्या गेल्या. पंधरा दिवस झाले. मोहरीच्या शेंगा वाळायला लागल्यात, कुणी हात लावंना."

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. शेंगा तडकायला लागल्या होत्या. सून पदर खोचून बांधावर उभी होती. "आत्यांनी आम्हाला कधी हात लावू दिला न्हाई," ती म्हणाली. "मुळासकट काढायची, का नुसती कापायची?"

"मुळासकट," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं कडेच्या ओळीत वाकलो.